चेक इंजिनचा दिवा, आठशेचा स्कॅनर आणि सेन्सर बदलायची घाई

प्रश्न कोरेगावच्या एका गृहस्थांचा आहे. २०१८ची तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून त्यांनी आठशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. मोबाइलवर दोन कोड आले, पी ०१७१ आणि पी ०१३५. ॲपमधलं बटण दाबून त्यांनी ते पुसले, दिवा गेला, दोन दिवसांनी परत लागला. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदला म्हणून साडेपाच हजार सांगितले. इंटरनेटवरचे व्हिडिओ म्हणतात व्हॅक्यूम लीक, म्हणजे इंजिनात चोरून हवा शिरणारी फट, शोधा. ऐकायचं कुणाचं? आणि जाता जाता दुसरा प्रश्न: मेहुण्यासाठी जुनी गाडी बघायची आहे, तेव्हा हा स्कॅनर सोबत न्यावा का?

तुमच्या गॅरेजवाल्याचं निदान बरोबर निघू शकतं. माझी तक्रार एवढीच, की त्याने तपासून सांगितलेलं नाही, कोड वाचून सांगितलंय. तेवढं तर तुमचा मोबाइलही सांगतो. साताऱ्यात हायवेलगत माझं ऑटो इलेक्ट्रिकलचं आणि स्कॅनिंगचं काम चालतं. दुसरीकडे सेन्सर बदलून झाला, दिवा तसाच आहे, अशा गाड्या माझ्याकडे नेमाने येतात. जुना सेन्सर डिकीत फडक्यात गुंडाळलेला असतो आणि बऱ्याचदा तो चांगलाच असतो.

आधी कोडचा अर्थ बघू. पी ०१३५ म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट चाचणीत नापास झालं. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय असं ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, दिसतंय, आणि ते भरून काढायला पेट्रोल वाढवत वाढवत त्याने आपली हद्द गाठली. 'सेन्सर बदला' असं दोन्हीत कुठेही म्हटलेलं नाही. पहिल्यात 'सर्किट' आहे. सर्किटमध्ये हीटर आला, फ्यूज आला, वायर आली, वायरींचा प्लग म्हणजे कपलर आला, शेवटी ईसीएमही आला.

आता हे दोन कोड एकत्र आलेत, त्याला अर्थ आहे. मिश्रण लीन आहे हे ईसीएमला कोण सांगतं? तोच पुढचा ऑक्सिजन सेन्सर, ज्याच्या हीटरबद्दल पहिला कोड आहे. हा झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही. हीटर बंद असेल तर तो फक्त धुराच्या उष्णतेवर तापतो, आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की पुन्हा निवतो. साक्षीदारच अर्धवट झोपेत असेल तर त्याच्या साक्षीवर निकाल कसा द्यायचा? म्हणून माझा नेम असा, की विजेचा कोड आणि मिश्रणाचा कोड एकत्र आले की आधी विजेचा सोडवायचा. अनेकदा दुसरा आपोआप जातो. नाही गेला तर त्याच्याकडे कसं बघायचं तेही खाली सांगतो.

कोड पुसल्यावर दोन दिवस दिवा का लागला नाही, याचंही उत्तर यात आहे. बहुतेक कोड 'दोन फेऱ्यांचे' असतात, फेरी म्हणजे गाडी चालू करून चालवून बंद करेपर्यंत. पहिल्या फेरीत दोष दिसला की ईसीएम त्याची नोंद 'पेंडिंग' म्हणून ठेवतं, दिवा लावत नाही. लगेच पुढच्या फेरीतही तोच दोष दिसला तर मग दिवा. म्हणजे तुम्ही कोड पुसला त्याच संध्याकाळी ॲपमध्ये पेंडिंग कोड बघितले असते तर तो तिथे बसलेला दिसला असता. दिवा गेला म्हणजे काम झालं असं सांगून पैसे घेणाऱ्यांचं सगळं भांडवल हे मधले दोन दिवसच असतात.

तेव्हा आता परत पुसू नका. पुसताना कोडसोबत आणखी दोन गोष्टी जातात. एक म्हणजे फ्रीझ फ्रेम. कोड नोंदवला त्या क्षणी इंजिनचं तापमान किती होतं, आरपीएम किती, गाडीचा वेग किती, लोड किती, पेट्रोलची भर किती टक्के, याचा ईसीएमने काढून ठेवलेला तो फोटो असतो. दुसरी म्हणजे मॉनिटर, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात की नाहीत त्याची नोंद. गॅरेजला गाडी नेण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बहुतेक ॲपमध्ये हे पान असतं, फक्त कुणी उघडत नाही. त्यात वेग शून्य, आरपीएम साडेसातशे दिसलं तर भानगड गाडी उभी असतानाची आहे. आरपीएम तीन हजारांवर आणि लोड ऐंशी टक्के दिसला तर गाडी घाट चढत होती. दोन्हींची कारणं अगदी वेगळी.

आता तुमच्या त्या आठशेच्या खेळण्याचा खरा उपयोग. कोड वाचणं हा त्याचा सगळ्यात कमी किमतीचा गुण आहे. त्याची खरी कमाई लाइव्ह डेटामध्ये, आणि त्यातही सकाळी गाडी चालू करायच्या आधीच्या आकड्यांत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी स्कॅनर लावायचा, चावी फिरवून डॅशबोर्डचे दिवे लागू द्यायचे, स्टार्टर मारायचा नाही. आणि आकडे बघायचे.

कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही रात्रभर एकाच बॉनेटखाली निवलेले, म्हणजे दोन्ही आकडे बाहेरच्या हवेइतके आणि एकमेकांच्या तीन-चार अंशांत हवेत. जानेवारीत आपल्याकडे पहाटे बारा-चौदा अंश असताना कूलंट ४० दाखवत असेल तर तो सेन्सर खोटं बोलतोय, आणि इंजिन गरम आहे असं समजून ईसीएम पेट्रोल कमी देतंय. सकाळी गाडी दोन-तीनदा मारल्याशिवाय चालू न होण्याचं एक कारण हे. उणे ४० दिसलं तर साताऱ्यात बर्फ पडलेला नाही, त्या सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कपलर निघालाय. सर्किट उघडं पडलं की ईसीएम खालचा शेवटचा आकडा दाखवतं. अशा वेळी रेडिएटरचा पंखा चावी फिरवताच सुरू होतो, कारण तापमान कळत नसेल तर पंखा चालू ठेवायचा अशी सोय बऱ्याच गाड्यांत आहे. लोक मात्र पंख्याचा रिले बदलून येतात.

मग एमएपी सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब. इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्या हवेचाच दाब असतो, म्हणून हा सेन्सर फुकटात तपासून होतो. फक्त इंटरनेटवरचा १०१ किलोपास्कलचा आकडा धरून बसू नका, तो समुद्रसपाटीचा आहे. सातारा शहर साधारण सातशे मीटरवर, इथे ९२-९३ दिसायला हवं. महाबळेश्वरला गाडी नेली तर तोच सेन्सर ८६च्या आसपास दाखवेल, आणि ते बरोबर आहे. साताऱ्यात उभी असलेली गाडी ८० दाखवत असेल तर मात्र सेन्सर हवा कमी मोजतोय, ईसीएम त्या मानाने पेट्रोल कमी देतंय, आणि तुमचा पी ०१७१ तिथूनही येऊ शकतो.

बॅटरीचं व्होल्टेजही बघून घ्या. इंजिन बंद असताना १२.४च्या वर हवं आणि स्टार्टर मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. स्वस्त स्कॅनरचं व्होल्टेज थोडं इकडेतिकडे असतं, शंका आली तर मल्टिमीटर लावा. बॅटरी मरायला टेकली की ईसीएम वाट्टेल ते कोड टाकतं, आणि माणूस त्या कोडांच्या मागे आठवडाभर फिरतो.

एवढं झालं की गाडी चालू करून फिरवून आणा आणि कूलंट कुठवर चढतं ते बघा. छोट्या गाड्यांचा थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा हायवेवर आकडा त्याच पट्ट्यात टिकला पाहिजे. आपल्याकडे एक वाईट खोड आहे. गाडी एकदा हीट झाली की मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतो. "आपल्याकडं थंडी हाय कुठं, काय गरज त्याची?" मग शहरात गाडी बरी चालते, पण हायवेला ऐंशीच्या वेगात कूलंट ६०-६५ वर येतं. इंजिन अजून गरम झालेलं नाही असं समजून ईसीएम जास्त पेट्रोल देत राहतं. ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरने पडतं, पी ०१२८ येतो, आणि मालक पेट्रोल पंपाला शिव्या घालतो. डॅशबोर्डवरच्या काट्यात किंवा निळ्या दिव्यात हे कळत नाही. स्कॅनरवर दहा मिनिटांत कळतं.

तर तुमचा हीटर. यासाठी मल्टिमीटर लागेल आणि एक टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी एवढ्यातही भागतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा कपलर काढा. पुढचा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या, आधीचा. सेन्सरकडून येणाऱ्या चार वायरींत दोन एकाच रंगाच्या असतात, बहुतेक पांढऱ्या किंवा काळ्या. त्या हीटरच्या. त्यांच्यात ओहम मोजा. काही ओहम दाखवले, साधारण ३ ते १५, तर हीटर जिवंत आहे. मीटरने अनंत दाखवलं तर हीटरची तार तुटली. मग गॅरेजवाला बरोबर, बदला सेन्सर.

हीटर जिवंत निघाला तर गाडीकडच्या अर्ध्या कपलरकडे वळा. हीटरच्या दोन वायरींपैकी एकीवर चावी फिरवल्यावर, किंवा काही गाड्यांत इंजिन चालू झाल्यावर, बॅटरीचा करंट यायला हवा. दुसरीतून ईसीएम अर्थ देतं. तिला बल्ब लावू नका. करंटच येत नसेल तर आधी फ्यूज. दहा रुपयांचं काम.

आणि इथे मल्टिमीटर फसवतो. मध्यंतरी एक गाडी आली होती, हाच कोड, दोन ठिकाणी फिरून आलेली. मीटर लावला तर कपलरवर १२.३ व्होल्ट, म्हणजे वायर चांगली असं कुणीही म्हणेल. बल्ब लावला तर नुसता लाल ठिपका. कोरुगेटेड पाइप चिरून वायर उघडी करत मागे गेलो, तेव्हा बॅटरीच्या ट्रेखाली उंदराने कुरतडलेली जागा सापडली. तांब्याच्या तारांपैकी दोनच धरून होत्या, त्याही हिरव्या पडलेल्या. मीटरला करंट लागतच नाही, त्यामुळे दोन तारांतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हीटर एखादा ॲम्पिअर मागतो, तो त्या दोन तारांतून जात नाही. म्हणून ज्या वायरीतून काम व्हायचंय तिच्यावर बल्ब लावूनच बघायचं. सिग्नलच्या बारीक वायरींना आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मात्र बल्ब चुकूनही लावायचा नाही.

उंदराचं मुद्दाम सांगितलं, कारण तुम्ही कोरेगावचे. ऊसतोड सुरू झाली, फड रिकामे झाले की उंदीर वस्तीकडे सरकतात आणि रात्री गरम बॉनेट त्यांना आयतं सापडतं. त्या महिन्यांत येणाऱ्या सर्किटच्या कोडांत मी आधी दात शोधतो, मग दोष. पावसाळ्यात पाणी. कासच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाड्यांचे कपलर उघडले की आत हिरवं पीठ निघतं. आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरने इंजिन धुऊन घेतलं असेल तर ते आधी सांगा, लपवू नका. निम्मं निदान तिथेच होतं.

सेन्सर बदलायचीच वेळ आली तर मूळ कपलरसकट येणारा घ्या. वायर कापून जोडायचा 'युनिव्हर्सल' सेन्सर घ्यायचा मोह टाळा. या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची ताजी हवा लागते आणि ती बहुतेक डिझाइनमध्ये त्याच्या वायरींच्या आतल्या पोकळीतून जाते. जोडावर डाग दिला किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं की तो श्वासच कोंडतो. बसवताना आट्यांना लावायची पेस्ट टोकाला लागू देऊ नका. आणि आसपास कुठे साधा सिलिकॉन गॅस्केट मेकर वापरलेला असेल, तर त्याची वाफ नव्या सेन्सरलाही मारते.

हीटरचं निस्तरलं, कोड पुसले, चार दिवस गाडी वापरली आणि पी ०१७१ एकटाच परत आला, तर मग व्हॅक्यूम लीकचा विचार करा, पण व्हिडिओवाल्यांच्या क्रमाने नव्हे. त्यांच्या गाड्या बहुधा वेगळ्या असतात. तिथे एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. त्याच्या पुढे कुठे नळी फुटली तर ती हवा मोजलीच जात नाही, मिश्रण लीन होतं आणि तडक पी ०१७१ येतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो, एमएपी असतो. तो मॅनिफोल्डच्या आतला दाब बघतो. नळी फुटून हवा आत शिरली की दाब वाढतो, ईसीएमला तो दिसतो आणि त्या मानाने ते पेट्रोल वाढवतं. त्यामुळे मिश्रण तितकं बिघडत नाही. आयडलचं, म्हणजे गाडी उभी असतानाचं, आरपीएम चढतं, एसी बंद असूनही हजारावर जातं किंवा वरखाली होत राहतं. गरम इंजिन, एसी बंद, आयडलवर एमएपी साधारण ३० ते ४० किलोपास्कल आणि आरपीएम स्थिर असेल, तर नळ्यांवर स्प्रे मारत बसण्यात वेळ घालवू नका.

मग बघायचे ते फ्युएल ट्रिमचे, म्हणजे पेट्रोलच्या त्या भरीचे, दोन आकडे, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. त्यांची बेरीज करायची. अधिक असेल तर ईसीएम पेट्रोल वाढवतंय, उणे असेल तर कमी करतंय. दहा टक्क्यांच्या आत असेल तर गाडी निरोगी समजा. पंचवीसच्या आसपास गेलं की कोड पडतो. हे आकडे गरम इंजिनवर आयडलला घ्या, मग अडीच हजार आरपीएमला, मग चढाला. शेजारी बसलेल्या माणसाने वाचायचे, चालवणाऱ्याने नाही.

चढासाठी साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट उत्तम, रहदारी कमी असेल अशा वेळी जा. आयडलला ट्रिम ठीक आणि चढाला वाढत गेलं तर पेट्रोल पुरत नाहीये. टाकीतला पंप थकलाय, त्याची जाळी किंवा फिल्टर तुंबलाय, नाहीतर इंजेक्टर. पाय पूर्ण दाबला की बऱ्याच गाड्या ट्रिम गोठवतात, त्या वेळी पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज बघा. ०.८-०.९वर गेलं पाहिजे. ०.२च्या खाली बसून राहिलं तर पंपाचा दाब गेज लावून मोजून घ्या. याच्या उलट, आयडलला ट्रिम वाईट आणि आरपीएम वाढवल्यावर सुधारत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा) गॅस्केट तपासा. सेन्सरच्या आधी कुठे बारीक फट असेल तर तिथून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि तो 'लीन' म्हणून बोंबलतो. इंजिन बिचारं बरोबर चाललेलं असतं. सकाळी थंड इंजिन चालू करताच टकटक आवाज येतो आणि गरम झाल्यावर बंद होतो, ही त्याची खूण.

दोन गोष्टी आकडे बघताना लक्षात असू द्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याच भागातल्या उसाचं असेल कदाचित. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा ते चारेक टक्के जास्त द्यावं लागतं. म्हणजे ट्रिम पूर्वी शून्य होतं आणि आता अधिक चार-पाच आहे, तर घाबरायचं कारण नाही. पण एवढ्यानेच पी ०१७१ येत नाही, सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका. दुसरं, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर गाडी फक्त पेट्रोलवर चार दिवस चालवून मगच आकडे घ्या. किटचं ट्यूनिंग बिघडलेलं असलं की गॅसवर शिकलेली भर ईसीएम पेट्रोलवरही लावतं आणि निदान पार भलतीकडे जातं.

स्कॅनरबद्दल थोडं. अशा स्कॅनरमधली ईएलएम ३२७ ही मुळात कॅनडातल्या एका कंपनीची चिप, आणि आठशेला मिळतात त्या सगळ्या नकला. पाकिटावर १.५ लिहिलंय की २.१ याला फार अर्थ नाही, १.५ नावाचं व्हर्जन मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं. तरी घ्यायचाच झाला तर १.५ बरा, कारण २.१ लिहिलेल्या अनेक नकलांत आज्ञा गाळलेल्या असतात आणि जुन्या गाड्यांशी त्यांचं जुळत नाही. तुमच्या गाडीला अडचण नाही. १ एप्रिल २०१७पासून देशभर बीएस-४ हे धुराचे नियम आले, त्यानंतरची गाडी या स्कॅनरशी सरळ बोलते. बीएस-३च्या जमान्यातल्या गाड्यांत प्लग बसतो पण संवाद होईलच असं नाही, तिथे स्कॅनरला दोष देऊ नका. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायचा किंवा बीएलईचा (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) लागतो.

ॲपमध्ये गाडीची कंपनी नीट निवडा. पी नंतर शून्य असलेल्या कोडांचा अर्थ सगळीकडे एकच असतो. पी नंतर एक असेल तर प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा, आणि ॲप खुशाल दुसऱ्याच कंपनीचा अर्थ दाखवतं. एबीएस आणि एअरबॅगचे कोड या स्कॅनरला बहुधा दिसतच नाहीत. ते दिवे लागले आणि मोबाइल 'कोड नाही' म्हणाला तर त्यावर विसंबू नका. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो, गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर सकाळी ढकलायला माणसं शोधावी लागतील.

तुमचा दिवा सतत लागलेला आहे, तेव्हा हे सगळं सवडीने करा, गाडी चालेल. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र थांबा. तेव्हा इंजिन जोरात मिसिंग करत असतं, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट आहे. मिसिंगचा कोड पी ०३०१ ते पी ०३०३, शेवटचा आकडा सिलिंडरचा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर दोन नंबरची कॉइल तीन नंबरला लावून बघा. कोडही तिकडे गेला तर कॉइल खराब, जागेवर राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. एक पैसा न घालवता कळतं.

आता मेहुण्याची गाडी. स्कॅनर जरूर न्या, पण कोड आहे का एवढंच बघून परत येऊ नका. विकणाऱ्याने सकाळीच पुसलेला असतो. आधी चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर जातो हे डोळ्यांनी बघा. मुळीच लागत नसेल तर बल्ब काढलाय किंवा आणखी काही केलंय. मग ॲपमध्ये मॉनिटरचं पान उघडा. रोज वापरातल्या गाडीच्या चाचण्या जवळपास सगळ्या पूर्ण असतात. तीन-चार अपूर्ण दिसल्या तर एकतर बॅटरी नुकतीच काढलेली आहे किंवा कोड नुकतेच पुसलेत. 'कोड पुसल्यानंतरचं अंतर' हा आकडा काही गाड्या देतात. मालक म्हणतोय वर्षभर काही काम निघालं नाही आणि तिथे सहा किलोमीटर दिसतंय, म्हणजे तुम्हाला न्यायला तो नाक्यावर आला त्याच्या थोडं आधी बटण दाबलंय. अशा वेळी वाद घालू नका. गाडी दोन दिवस चालवून परत दाखवा म्हणावं, आणि तेव्हा पेंडिंगचं पान आधी उघडा. पीयूसी आहे म्हणून गाडी ठीक, हेही धरू नका. पीयूसीवाला सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) मोजतो, ईसीएमच्या कोडांशी त्याचा संबंध येत नाही.

तुमच्या गाडीचे सकाळचे आकडे, फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट आणि हीटरचे ओहम एवढं कळवा. सेन्सर घ्यायचा की नाही ते त्यावर ठरवू, तोवर साडेपाच हजार खिशातच ठेवा.